खडीवरच्या बाया

आमच्या आजीला सन सांगता यायचा नाही. तिचा काळ तीन गोष्टींवरून मोजला जायचा: रझाकार, दुष्काळ आणि भूकंप. थोरले काका रझाकारात रांगत होते. माझी आई लग्न होऊन घरात आली ती दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात. आमचा ढवळ्या बैल गेला तो भूकंपानंतरच्या पोळ्याला. हे ती इतक्या ठामपणे सांगायची की कुणी उलट विचारायचं नाही. बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात जन्म गेला तिचा, तेव्हा पाऊस हुकलेली सालं तिनं पुष्कळ पाहिली असणार. पण नुसतं ‘दुष्काळात’ म्हटलं की ते १९७२ च. आमच्याकडे अजूनही तसंच समजतात.

त्या सालाची सगळ्यांची पहिली आठवण जिभेवरची. मिलो. अमेरिकेहून आलेली लालसर ज्वारी रेशनवर मिळायची. आजी म्हणायची, तिच्या पिठाला चिकटपणाच नाही. भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या, आणि तव्यावरून उतरवून घटकाभर झाली की दातांनी ओढावी लागायची. ती घशाखाली जावी म्हणून हुलग्याचं माडगं. हुलगे संपले तेव्हा तरवट्याचा पाला, मीठ घालून शिजवलेला. त्याच्याही पुढचं नाव ती जरा हळू आवाजात घ्यायची: बरबडा. रानातल्या गवताचं बी, झोडून, पाखडून, दळून त्याची भाकरी करायची. कामावर पोरांना सुकडी मिळायची. सुकडीचा वास मात्र तिला आवडायचा. पुढं कित्येक वर्षांनी अंगणवाडीत काहीतरी शिजत होतं, तर दारावरून जाताना थांबली आणि म्हणाली, “दुष्काळाचा वास येतोय गं माय.” तोंडावर हसू होतं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

काम म्हणजे खडी फोडायचं. रस्त्याच्या कडेला दगडाचे ढीग, त्यापुढं एकेक बाई मांडी घालून बसलेली, हातात लहान हातोडी, डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. ढिगाचं माप ब्रासात. मुकादम काठीनं मोजायचा आणि मस्टरवर अंगठा घ्यायचा. ज्या बायांनी तोवर पाटलाच्या वाड्याची पायरी चढताना पदर नाकापर्यंत ओढलेला असायचा, त्या सगळ्या, वरच्या आळीच्या आणि खालच्या आळीच्या, एका ओळीत बसल्या. पाणी मात्र वेगळ्या डेऱ्यातलं. आजी हेही सांगायची, लपवायची नाही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. मी हे सगळं नंतर पुस्तकांत वाचलं. आजीच्या लेखी ५० लाख नव्हते. तिच्या डाव्या हाताला नेकनूरची बसायची, उजव्या हाताला धारूरची, आणि समोर एक पोटुशी पोर, तिच्या वाटचा दगड बाकीच्या आळीपाळीनं फोडायच्या.

तर या दुष्काळी कामाच्या सेंटरवर एक दिवस जीप आली. कुठल्या खात्याची, कुठल्या छापखान्याची, आजीला माहीत असायचं कारण नव्हतं. तिच्यातून एक पॅन्टवाला उतरला, गळ्यात फोटूचा डबा. जीपचं चाक फुफाट्यात रुतलेलं, ड्रायव्हर शिव्या देतोय, आणि नेकनूरची काहीतरी बोलली. काय बोलली ते आजी आम्हाला कधीच सांगायची नाही, पोरीबाळींसमोर बोलण्यासारखं नसावं. साऱ्या बाया फसकन हसल्या. तेवढ्यात तो माणूस डबा सरसावून पुढं आला आणि म्हणाला, हसू नका. मग त्यानं धारूरच्या बाईला हातोडी खाली ठेवायला लावली, कपाळावर आडवा हात धरायला लावला आणि आभाळाकडं बघायला सांगितलं. तिनं बघितलं. आभाळात काहीच नव्हतं. फोटो काढून तो गेला.

“आन् आमी मंग लई हसलो,” आजी म्हणायची, “पर त्ये त्येच्या डब्यात कुटं?”

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पुढं वाचायला लागल्यावर, शहरात राहायला गेल्यावर, फोटोंची मोठमोठी पुस्तकं हाताळायला मिळाल्यावर ती सारखी मध्ये यायला लागली. समाजाचं चित्र म्हणून काढलेला कुठलाही फोटो पाहिला की मी आधी त्याच्या कडेला काय असेल ते शोधते. जीप कुठं उभी असेल? हा माणूस याआधी हसत होता का?

दुष्काळ आणि कॅमेरा यांची गाठ आपल्या देशात फार जुनी आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्या दख्खनेतही पडला होता. त्या वेळी मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं उपाशी माणसांचे फोटो काढले. हाडांवर कातडं तेवढं उरलेली माणसं, घरच्या समारंभाला बसवावीत तशी उंचीप्रमाणे मांडून बसवलेली. ते फोटो फार वेळ बघवत नाहीत, आणि ते नुसत्या भुकेमुळे नव्हे. त्या अवस्थेतल्या माणसाला ‘जरा इकडं सरका’ असं कुणीतरी म्हणालं असेल, हा विचार मनातून जात नाही.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट आणखी जवळची. हा मुलूख निजामाचा. निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ होते, पुढं ‘राजा’ किताब मिळालेले, त्या काळातले हिंदुस्थानातले बहुधा सर्वांत नावाजलेले फोटोग्राफर. किल्ले, राजवाडे, शिकारी, व्हाइसरॉयच्या भेटी हे सारं त्यांनी टिपलं. १८९२ साली त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला, आणि तो सांभाळायला इंग्रज बाई नेमली, म्हणजे बेगमांना परक्या पुरुषाच्या नजरेला पडावं लागू नये. त्यांच्याच स्टुडिओनं त्या शतकाच्या अखेरीला, निजामाच्या मुलखातल्या दुष्काळी कामांचेही फोटो काढले, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले. माझे पणजोबा त्या दुष्काळातून जगले होते. त्यांची आई गोदाकाठी कुठल्याशा बांधाच्या कामावर पाट्या टाकायला जायची, असं घरात बोललं जायचं. कुणी म्हणायचं पैठणकडं, कुणी म्हणायचं नाही, इकडंच गेवराईच्या अंगाला. ते फोटो पहिल्यांदा छापलेले पाहिले तेव्हा मी खुळ्यासारखी त्यांत खापरपणजी शोधत बसले. माणसं दुरून, घोळक्यानं दिसतात. तोंडं ओळखू यावीत असा त्या फोटोंचा हेतूच नव्हता. सरकार किती मोठं काम करतंय ते दाखवायचं होतं. एकाच स्टुडिओच्या दोन प्रकारच्या काचा. एकीवर जिचा चेहरा परक्यानं पाहू नये म्हणून एवढी व्यवस्था केली ती बाई, आणि दुसरीवर जिला पदर सावरायला सवड दिली का, हेही कुणी विचारलं नसेल अशी.

तरीही मी ते फोटो पुन्हापुन्हा पाहते. खापरपणजीचं दुसरं काहीच उरलेलं नाही. ना लुगडं, ना नाव.

आता लालबागच्या आजोबांबद्दल सांगायला हवं. हे आमच्या आजोबांचे थोरले भाऊ, मुंबईला गिरणीत होते. वर्षातून एकदा यायचे, ते येताना ट्रंकेत चहाची पूड, साबणाच्या वड्या आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन. ती वर्तमानपत्रं घरात सांभाळून ठेवलेली असायची, त्यांत पापड वाळवायला मनाई. १९४३ किंवा ४४ साली त्यांनी ‘लोकयुद्ध’चे अंक आणले होते. हे कम्युनिस्ट पक्षाचं मराठी पत्र. त्यात बंगालच्या दुष्काळाचे फोटो होते, आणि आजी तेव्हा नवी नवरी. वाचता येत नव्हतं, पण फोटो पाहायला अक्षर लागत नाही. रात्री चिमणीच्या उजेडात लालबागच्या आजोबांनी तो अंक साऱ्यांना दाखवला, आणि सासूबाईंनी, म्हणजे माझ्या पणजीनं, उठून उतरंडीतलं पायलीभर धान्य काढून ठेवलं, ‘त्या लोकांना पाठवा’ म्हणून. निजामाच्या मुलखातून बंगालला पायलीभर ज्वारी कशी पोचायची? पण ती काढून ठेवली होती, एवढं नक्की. लालबागच्या आजोबांनी मुंबईला परत गेल्यावर तिच्या नावानं फंडात काही आणे टाकले म्हणतात.

ते फोटो सुनील जाना यांचे असणार, असं मी आता मानते. जाना तेव्हा पंचविशीतले, कलकत्त्याला शिकणारे. पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी त्यांना आणि चित्रकार चित्तप्रसाद यांना बरोबर घेतलं आणि बंगालच्या खेड्यांत फिरवलं. जाना यांनी फोटो काढले, चित्तप्रसादांनी शाईनं चित्रं काढली. चित्तप्रसादांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे छोटं पुस्तक सरकारनं जप्त करून जाळलं. जाना यांचे फोटो मात्र पक्षाच्या पत्रांतून देशभर गेले, पोस्टकार्डांवर छापून मदतीसाठी विकले गेले. पुढं ते मुंबईलाच सँडहर्स्ट रोडवरच्या पक्षाच्या कचेरीत राहायला आले. सारे एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे. लालबागच्या आजोबांनी त्यांना एखाद्या सभेत गळ्यात कॅमेरा घेऊन फिरताना पाहिलंही असेल. तसं ते सांगायचे म्हणे, पण ते बऱ्याच मोठ्या माणसांना पाहिल्याचं सांगायचे.

त्याच दुष्काळातली आणखी एक हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. युद्धाच्या दिवसांत बातम्यांवर सेन्सॉर होता. बंगालात माणसं रस्त्यावर मरत होती आणि ते छापायची सोय नव्हती. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयन स्टीफन्स. इंग्रज माणूस, इंग्रजांचंच वर्तमानपत्र. त्यांच्या ध्यानात आलं की नियमांचा सगळा रोख लिखाणावर आहे, फोटोंचा विचार कुणी केलेलाच नाही. २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारी त्यांनी रस्त्यावरच्या उपाशी माणसांचे फोटो छापले. पुढच्या रविवारी आणखी. दिल्लीत ते अंक लोकांनी दुकानांत लावले. त्यानंतर कुणाला ‘दुष्काळ नाही’ असं म्हणता आलं नाही. सुमारे ३० लाख माणसं त्यात गेली असं मानतात. फोटोंनी ती वाचली नाहीत. पण पणजीच्या उतरंडीतून पायली निघाली ती फोटोमुळे, आणि फोटोला एवढं करता येतं हे मी कमी मानत नाही.

जाना यांना स्वतःला त्याचा सल होता. समोर माणूस मरतोय आणि आपण कॅमेरा धरून उभे आहोत, याची लाज वाटते, असं त्यांनी नंतर बोलून दाखवलं होतं. मला वाटतं ही लाज त्यांच्या पुढच्या कामात उतरली. गिरणी कामगार, कोळी, शेतमजूर, आदिवासी. जाना त्यांचे फोटो बहुतेक वेळा खाली वाकून काढायचे, म्हणजे समोरची बाई आभाळात उभी राहिल्यासारखी उंच दिसायची. आमच्या धारूरच्या बाईला आभाळाकडं बघायला लावणारा एक, आणि जिच्यासाठी आपण गुडघे टेकायचे, मग आभाळ आपोआप तिच्या मागे येतं, असं समजणारा दुसरा. मला विचाराल तर या कलेतली निम्मी विद्या इथंच आहे. उरलेली उजेडाची.

इतकं सगळं आजीला सांगायची माझी छाती नव्हती, पण एक फोटो मी तिला दाखवला होता. तेव्हा मी अंबाजोगाईला कॉलेजात होते. लायब्ररीत जुन्या अमेरिकी फोटोंचं पुस्तक मिळालं, ते सुट्टीत घरी आणलं. डोरोथिया लँग यांचा जगभर गाजलेला फोटो: मांडीवर तान्हं, दोन्ही खांद्यांवर दोन पोरं तोंड फिरवून टेकलेली, आणि मध्ये आईचा चेहरा, बोटं गालाशी, नजर कुठं तरी लांब. १९३६ चा मार्च, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांचा तळ. पीक गारठून गेलेलं, काम नाही. लँग सरकारी खात्यासाठी फोटो काढत हिंडत होत्या. त्या तळाची पाटी ओलांडून कितीतरी मैल पुढं गेल्या होत्या, आणि मनाला राहवेना म्हणून गाडी वळवून परत आल्या. त्या एका खात्यानं आठ-नऊ वर्षांत सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह जमवल्या. साऱ्या देशाची गरिबी अशी जपून ठेवलेली मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही.

आजीनं पुस्तक गुडघ्यावर घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “हिनं त्या दिशी काय खाल्लं व्हतं?”

हा प्रश्न मला कुठल्याच समीक्षेत सापडलेला नाही. पण योगायोगानं त्याचं उत्तर होतं. लँग यांनी टिपून ठेवलं होतं की ती माणसं शेतात गोठून पडलेली भाजी आणि पोरांनी मारलेली पाखरं खाऊन होती. मी तसं सांगितलं. आजीनं मान हलवली. “पाखरं आमीबी खाल्ली,” म्हणाली, “होल्यात मास नसतंय काई. पर पोरं गप ऱ्हात्यात.” तोवर घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. माळकरी घर आमचं. आई चुलीपाशी थबकली. आजी मात्र त्या फोटोतल्या बाईकडं असं बघत होती की शेजारच्या ढिगावर बसलेली असावी.

त्या बाईचं नाव लँग यांनी विचारलं नव्हतं. तो फोटो शाळेच्या पुस्तकांत गेला, संग्रहालयांत गेला, आणि ती स्वतः राबत राहिली. १९७८ साली एका स्थानिक बातमीदारानं तिला शोधून काढलं तेव्हा कळलं, की ती फ्लॉरेन्स थॉम्पसन, चेरोकी वंशाची. तिच्या बोलण्यात कडवटपणा होता. त्या फोटोचा आपल्याला काही उपयोग झाला नाही, आपलं नावही विचारलं नाही, तो काढला नसता तर बरं, असं ती म्हणाली. लँग यांनाही त्याचे पैसे मिळाले नव्हते, सरकारी नोकरीतला फोटो सरकारचा. आणि तो छापून आल्यावर त्या तळावर अन्न पोचलं होतं, हेही खरं. तरीसुद्धा त्या बाईचं म्हणणं मी बाजूला सारू शकत नाही. धारूरच्या बाईनं काय म्हटलं असतं, कुणी विचारलं असतं तर?

मी स्वतः कॅमेऱ्यांची गर्दी पाहिली ती भूकंपानंतर किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. आम्ही कॉलेजातली पोरं भाकरीची पोती घेऊन गेलो होतो. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतून भाकरी बांधून येत होत्या. तिथं जे पाहिलं त्याबद्दल लिहायला अजून हात उचलत नाही. एवढंच सांगते, एक म्हातारा ढिगाऱ्यावर बसला होता, त्याच्यापुढं फोटो काढणारे येत-जात होते, आणि त्यांतला एक तरुण मात्र कॅमेरा पाठीवर टाकून त्याच्याबरोबर दगड उचलत होता. संध्याकाळी त्यानं विचारून एकच फोटो काढला. कुठं छापला गेला का, मला कळलं नाही.

आपल्याकडं अशी शांतपणे, वर्षानुवर्षं एका जागी टिकून केलेली कामं आहेत, आणि ती घराघरांत पोचायला हवीत असं मला मनापासून वाटतं. अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, गटारात उतरणाऱ्या माणसांबरोबर वर्षं घालवून. जवळजवळ सारे दलित. ती माणसं काम संपवून घरी गेल्यावर पोरांशी कशी वागतात, कुठं बसून जेवतात, हेही त्यांत आहे. संदेश भंडारे यांनी वारीबरोबर चालून वारी टिपली, तमाशाच्या फडाबरोबर राहून राहुटीमागची दुनिया टिपली. आणि पी. साईनाथ यांनी देशातल्या दहा राज्यांत हिंडून खेड्यातल्या बायकांच्या कामाचे फोटो काढले. शेण गोळा करणाऱ्या, वीट वाहणाऱ्या, लावणी करणाऱ्या. तशा बाया जिथं पाहतील तिथं, बसस्टँडवर, कारखान्यांत, मजुरांच्या मेळाव्यांत त्यांचं प्रदर्शन मांडलं. आजी असती तर तिला मी तिथं नक्की नेलं असतं. ती त्यातल्या बायकांच्या डोक्यावरच्या ओझ्याचा शेर-पायलीत अंदाज सांगत बसली असती.

गुरुजींची गोष्ट मला बरीच उशिरा कळली. आमच्या गावच्या शाळेवर १९७२ च्या दुष्काळात एक तरुण गुरुजी होते, लातूरकडचे. पगारातून पैसे साठवून त्यांनी आगफा क्लिक थ्री घेतला होता. एका रोलला बारा फोटो यायचे, आणि रोल धुवायला परळीला जावं लागायचं. पोरंच सेंटरवर असल्यानं शाळा रिकामी. म्हणून गुरुजी पाटी-खडू घेऊन सेंटरवरच जायचे आणि लिंबाखाली शाळा भरवायचे. बरोबर कॅमेरा. मी त्यांना अंबाजोगाईला त्यांच्या घरी भेटले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यांच्या पत्नीनं सुशीला दिला, मुरमुऱ्याचा, शेंगदाणे सढळ हातानं घातलेला, आणि ते आतून बिस्किटाचा डबा घेऊन आले. त्यात चौकोनी, पांढऱ्या किनारीचे लहानलहान फोटो.

“गुरुजी, हे तुम्ही कुणाला दाखवले नाहीत?”

“कुणाला दाखवायचे? पेपरवाले म्हणाले, यात दुष्काळ दिसत नाही.”

खरंच, त्यांना हवा होता तसा दिसत नाही. एका फोटोत जेवणाची सुट्टी आहे, गोल बसलेल्या बाया, मध्ये एकच तवली, आणि एकीचा हात दुसरीच्या फडक्यातल्या भाकरीकडं गेलेला. एकात लिंबाला बांधलेल्या चार-पाच झोळ्या, आणि त्यांना एकाच दोरीनं झोका देणारी एक लहान मुलगी. दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली, कारण हातात पाटी आहे. एका फोटोत नुसते हात आहेत, ट्यूब गुंडाळलेली बोटं, नखं काळी पडलेली. आणि एकात माझी आजी. पन्नाशीच्या आतली, मी कधी न पाहिलेली, मान मागं टाकून हसतेय. दात दिसतात. डाव्या हाताला एक बाई तोंडावर पदर दाबून वाकलेली आहे, ती नेकनूरची, यात मला शंका नाही.

गुरुजींना मी विचारलं, तुम्ही त्यांना हसा म्हणालात का? ते म्हणाले, “नाही गं. मी रोजच जायचो. मी आलो काय आणि गेलो काय.” सेवाग्रामला कनू गांधींनी बापूंचे फोटो काढायला परवानगी मागितली तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या होत्या: फ्लॅश मारायचा नाही, मी फोटोसाठी बसणार नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. गुरुजींना मी हे सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला. “तिन्ही पाळल्या की मी, न सांगता.”

आता त्या फोटोंच्या मोठ्या प्रती काढून मी गावात नेते. देवळाच्या ओट्यावर म्हाताऱ्या जमतात. पाच-सहाच उरल्यात, त्यांतली एक त्या वेळी पोटुशी होती ती. ज्याच्यासाठी साऱ्यांनी दगड फोडला तो तिचा मुलगा आता ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. नावं लिहून घ्यायला बसलो तेव्हा कळलं की नावं कुणालाच माहीत नाहीत. एकमेकींच्या शेजारी बसून दगड फोडले, एकमेकींची बाळंतपणं केली, पण हाक मारायची ती माहेरच्या गावानं: नेकनूरची, धारूरची, केजची, मोहाची. जात्यावर बसून या बायांनी ओव्या रचल्या, तेव्हाही कुणी नाव विचारलं नसेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी पुढं अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव जाऊन गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावरच्या संग्रहात त्या ओव्या ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नाव-गावासकट आणि कितीकींच्या फोटोसकट. मी तोच कित्ता धरलाय. जुनी मतदार यादी मिळवली, नवऱ्याच्या नावावरून बायकोचं नाव लावत गेले. नेकनूरची सापडली. केजची सापडली, पण म्हाताऱ्यांत वाद आहे. एकीचं म्हणणं, यादीतली ती थोरली जाव, फोटोतली धाकटी. दोघींच्या नाकावरून अर्धी दुपार भांडण झालं, शेवटी चहा आला तेव्हा थांबलं.

धारूरची मात्र यादीतही नाही. तिचा नवरा त्याच साली गेला, ती पोरांना घेऊन माहेरी निघून गेली, असं एक म्हणते. दुसरी म्हणते, माहेरी नाही, पुण्याला गेली, पाटबंधाऱ्याच्या कामावर. तिची धाकटी बहीण अजून धारूरला किल्ल्याच्या अंगाला राहते, तिची सून टोळीबरोबर कारखान्यावर जाते, असा निरोप परवा मिळालाय. दसऱ्यानंतर टोळ्या निघायला लागतात आणि घरं बंद होतात. त्याआधी फोटो घेऊन जायचं आहे.